एचओ मालगाडीच्या डब्यांवर एअरब्रशने धूळ, गंज आणि ओघळ

बडोद्याच्या जेतलपूर पुलावरून खाली पाहिलं की मालगाडीचं छप्पर दिसतं आणि स्टेशनच्या फलाटावरून तिची बाजू. दोन्हीकडची घाण वेगळी असते. छपरावर वरून बसलेली धूळ आणि पावसाने तिच्यातून काढलेल्या वाटा. बाजूला, दारांपाशी, माल चढवता-उतरवताना सांडलेलं. आणि खाली चाकांभोवती ब्रेकच्या घर्षणातून उडालेली तांबूस पूड. मॉडेलच्या डब्याचं वेदरिंग करताना, म्हणजे त्यावर खऱ्यासारखी धूळ आणि गंज मुद्दाम आणताना, हाच हिशेब डोक्यात ठेवायचा: कोणती घाण कुठून आली. घाण ज्या दिशेने आली त्याच दिशेने एअरब्रश, म्हणजे दाबाच्या हवेने रंग फवारणारं पेनासारखं साधन, धरायचा. एवढं पाळलं तर साध्या एअरब्रशनेही डबा जिवंत होतो. नाही पाळलं तर महागाचा एअरब्रश वापरूनही सगळ्या डब्यावर एकसारखा तपकिरी पडदा येतो आणि आधीचं कोरं प्लास्टिकच बरं होतं असं वाटायला लागतं.

खालची मापं एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणातल्या मॉडेल रेल्वेसाठी आहेत. मुख्य उदाहरण बीसीएन या बंद मालडब्याचं घेतलं आहे, कारण खत, सिमेंट, धान्य अशा पोत्यांच्या मालामुळे त्यावर बहुतेक सगळे डाग एकत्र सापडतात. त्यानंतर बीटीपीएन टँक वॅगन, आणि मग थोडक्यात उघडे डबे, प्रवासी डबे, इंजिनाचं छप्पर.

आधी पाहणं

१:८७ मध्ये मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे प्रत्यक्षातले ८.७ सेंमी. हा आकडा कामाच्या टेबलासमोर लिहून चिकटवावा. बॉक्सएन हा कोळशाचा उघडा डबा कपलरपासून (डबे जोडणाऱ्या आकड्यापासून) कपलरपर्यंत १०.७१३ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये १२३ मिमी. त्याचं १ मीटर व्यासाचं चाक ११.५ मिमी. आता खऱ्या डब्यावर बिजागरीखाली उतरलेला दोन बोटं रुंद गंजाचा ओघळ मोजा. साडेतीन सेंमी धरला तरी मॉडेलवर तो ०.४ मिमी भरतो. ०.३ मिमी नोझलच्या एअरब्रशने इतकी बारीक रेघ रोजच्या कामात भरवशाने येत नाही. म्हणून कामाची वाटणी ठरून जाते: ज्याच्या कडा मऊ, विरत जाणाऱ्या आहेत ते एअरब्रशने, ज्याच्या कडा स्पष्ट आहेत ते ब्रशने. एअरब्रशने गंजाचे ठिपके काढू गेलात तर मॉडेलवरचा ३ मिमीचा ठिपका प्रत्यक्षात २६ सेंमीचा खड्डा दिसतो.

फोटो काढताना छप्पर, बाजू, टोकाची भिंत आणि बोगी अशा चारही बाजूंचे घ्या. (बोगी म्हणजे इथे अख्खा डबा नव्हे, चाकांची चौकट.) पुलावरून, पादचारी पुलावरून, फलाटावरून जेवढं दिसतं तेवढं पुरतं, त्यासाठी रुळांत उतरायचं कारण नाही. प्रतापनगरच्या रेल्वे हेरिटेज पार्कमधली नॅरोगेज गाडी पाहायला जरूर जा. डभोई-मियागाम मार्ग १८६२ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यावर बैल डबे ओढत होते, आणि त्या ७६२ मिमी गेजचा वारसा तिथे हाताच्या अंतरावर बघायला मिळतो. मात्र प्रदर्शनातल्या गाड्या नव्याने रंगवलेल्या असतात. त्यांच्यावरून रिव्हेट, पायऱ्या, स्प्रिंग यांचे आकार घ्यावेत. घाण शिकायची ती चालत्या गाडीवरून.

धुळीचा रंग बाटलीवरच्या नावावरून ठरवू नका. बडोद्याच्या उत्तरेला चरोतरची गोराडू माती पिवळसर तपकिरी आणि रेताड आहे, दक्षिणेला कानमची काळी माती, जी सुकल्यावर राखाडी दिसते. मालडबा देशभर फिरतो हे खरं, पण लेआउटवरच्या (मॉडेलचे रूळ मांडलेल्या देखाव्यावरच्या) जमिनीचा आणि डब्याच्या पोटाखालच्या धुळीचा रंग जुळला नाही तर डबा उपरा वाटतो. म्हणून आपल्या लेआउटच्या प्रदेशातली मूठभर माती वाळवा, मलमलच्या फडक्यातून चाळा आणि पांढऱ्या कागदावर बोटाने चोळा. त्या डागाशेजारी रंगाचं मिश्रण फवारून जुळवा, आणि जुळल्यावर त्यात पांढऱ्याचा एखादा थेंब वाढवा. खरा डबा आपण २०-३० मीटरवरून पाहतो, मधल्या हवेने रंग फिकटतो. मॉडेल हातभर अंतरावर असतं, त्यामुळे फिकटपणा रंगातच घालावा लागतो.

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहा. डब्यावर पीओएचची तारीख आणि परतीची तारीख स्टेन्सिलने लिहिलेली असते. पीओएच म्हणजे ठरावीक मुदतीने कारखान्यात होणारी मोठी दुरुस्ती. हे लिहिण्यासाठी आधी एक चौकोन नव्याने रंगवला जातो. बाकी डबा रापलेला आणि तो चौकोन ताजा. मॉडेलवर ही एक खूण आणली की डब्याला वय येतं.

साहित्य आणि दाब

एअरब्रश ड्युअल-अ‍ॅक्शन, वरून कप असलेला, ०.३ मिमी नोझलचा. ट्रिगर खाली दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग. ०.२ मिमीचा मोह टाळा. वेदरिंगसाठी रंग पातळ असला तरी मॅट रंगातले कण जाड असतात आणि तो वारंवार तुंबतो. कंप्रेसर ३ लिटर टाकीचा, ऑइललेस, रेग्युलेटर आणि पाण्याचा सापळा असलेला. बिनटाकीच्या कंप्रेसरमध्ये हवा धडधडत येते आणि कमी दाबाला फवारा तुटतो. दाब नेहमी ट्रिगर दाबून, हवा वाहत असताना लावा. ट्रिगर सोडलेला असताना काटा २ ते ५ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) जास्त दाखवतो, आणि १२ पीएसआयच्या कामात एवढा फरक मोठा आहे.

रंग तामिया कंपनीचे अ‍ॅक्रिलिक धरले आहेत: एक्सएफ-१० फ्लॅट ब्राउन, एक्सएफ-५२ फ्लॅट अर्थ, एक्सएफ-५५ डेक टॅन, एक्सएफ-५७ बफ, एक्सएफ-६४ रेड ब्राउन, एक्सएफ-६९ नाटो ब्लॅक आणि एक्सएफ-२ पांढरा. थिनर त्यांचंच एक्स-२०ए. वालेहो कंपनीचे रंग वापरत असाल तर त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल घालू नका, रंग फाटून गुठळ्या होतात. त्याला त्याचंच थिनर लागतं. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर मॉडेलजवळही नको, ते पॉलिस्टायरिन विरघळवतं.

याशिवाय: पाऊण सेंमी रुंदीचा मऊ चपटा ब्रश, एक ००० नंबरचा ब्रश, मास्किंग टेप, कानातल्या काड्या, ड्रॉपर, बर्न्ट अंबर आणि बर्न्ट सिएना या तैलरंगाच्या दोन लहान ट्यूबा, गंधहीन व्हाइट स्पिरिट. १९५० पासून फाइन आर्ट्सची फॅकल्टी असलेल्या या शहरात तैलरंग शोधायला हिंडावं लागत नाही.

खोलीत हवा खेळती हवी आणि तोंडावर मास्क हवाच. अ‍ॅक्रिलिक फवारताना एन-९५ रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ मात्र अडवत नाही. लॅकर व्हार्निश मारताना सेंद्रिय वाफांची कार्ट्रिज असलेला मास्क लागतो, तिथे एन-९५ उपयोगी नाही. लॅकर असताना देवघरातला दिवासुद्धा त्या खोलीत नको.

बडोद्याची हवा

हा विषय बाहेरच्या मार्गदर्शकांत सापडत नाही आणि इथे निम्मी कामं त्यावरूनच बिघडतात. मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो तेव्हा रंग मॉडेलवर पोचायच्या आत हवेतच सुकतो. पृष्ठभागावर खरखरीत भुकटी बसते आणि सुईच्या टोकावर रंगाचा खडा धरतो. अशा वेळी सकाळी ९ च्या आत काम करा, रंगात दर २० थेंबांमागे एक थेंब रिटार्डर (रंग सुकणं लांबवणारं द्रव) घाला आणि अंतर २ सेंमीने कमी करा. दर दोन-तीन मिनिटांनी थिनरने ओल्या काडीने सुईचं टोक पुसा.

जुलै-ऑगस्टमध्ये उलटं. दमट हवा दाबली गेली की तिच्यातलं पाणी टाकीत आणि नळीत साठतं, आणि मधूनच पाण्याचा थेंब डब्यावर थुंकल्यासारखा पडतो. काम सुरू करण्यापूर्वी आणि दर अर्ध्या तासाने टाकीच्या तळाची चावी उघडून पाणी काढा. एअरब्रशच्या हँडलजवळ दुसरा लहान सापळा बसवा, कारण पाणी नळीतही थंड होऊन तयार होतं आणि कंप्रेसरवरचा सापळा त्याला अडवू शकत नाही. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर लॅकर व्हार्निश मारूच नका. त्यातलं द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि थर दुधाळ होतो. अ‍ॅक्रिलिक धूळ पावसाळ्यात मारता येते, व्हार्निशसाठी उघडीप बघावी. उत्तरायणापासून होळीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले.

बीसीएन डबा

सुटं करून घ्या. बोगी, चाकं, कपलर काढा. डबा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून मऊ टूथब्रशने धुवा आणि एक दिवस वाळू द्या. यानंतर हातमोजे घाला. बोटाचं तेल जिथे लागतं तिथे पातळ रंग मागे सरकतो आणि ठसा उमटतो. कपलरची खाच, बोगीचा पिव्हट आणि चाकांच्या आसांची भोकं टेपने किंवा ब्लूटॅकने (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याने) बुजवा. तिथे रंग गेला की डबा वळणावर रुळावरून उतरतो.

पहिला थर व्हार्निशचा. मॅट लॅकर, उदाहरणार्थ तामियाचा टीएस-८० कॅन, २०-२५ सेंमीवरून दोन हलके हात, मध्ये १५ मिनिटं, मग २४ तास विश्रांती. आधी डब्याच्या पोटावर करून पाहा. या थराची दोन कामं आहेत. कारखान्यात छापलेली अक्षरं थिनरपासून वाचतात, आणि गुळगुळीत प्लास्टिकला खरबरीतपणा येऊन पातळ धूळ धरते. हा थर टाळून कोणी ओल्या ब्रशने ओघळ ओढायला गेलं तर डब्याचा नंबरही ब्रशबरोबर निघून येतो.

मग उन्हाने फिकटलेला रंग. पीओएचच्या तारखेचा चौकोन टेपने झाका. त्याआधी टेप आपल्या तळहातावर एकदा लावून काढा, म्हणजे चिकटपणा कमी होऊन व्हार्निश उपटत नाही. मिश्रण: डब्याच्या मूळ रंगाचे २ थेंब, बफचे २ थेंब, थिनरचे ३५ थेंब. दाब १२ पीएसआय, अंतर ८ ते १० सेंमी. उभ्या पट्ट्यांमधल्या पत्र्याच्या मधोमध, वरून खाली हात फिरवा, कडा सोडा. एका फेरीत काहीच झालं नाही असं वाटलं पाहिजे. फरक तिसऱ्या-चौथ्या फेरीला दिसू लागतो. पहिल्याच फेरीत दिसला तर रंग जाड आहे, कपमध्ये आणखी १० थेंब थिनर टाका. वेदरिंगमध्ये रंगाचं प्रमाण इतकं कमी ठेवण्यामागे हेच कारण आहे: कमी पडलं तर वाढवता येतं, जास्त झालं तर पुसताना खालचं सगळं हलतं.

हात पुढे सरकवण्याची सवय इथेच लावून घ्या. हवा आधी सुरू, डब्याच्या टोकाबाहेर रंग सुरू, डबा ओलांडल्यावर रंग बंद, मग हवा बंद. डब्यावर थांबून ट्रिगर सोडला की तिथे ठिपका पडतो. जाड कागदावर बॉलपेनने १६ सेंमीचा डबा आखून त्यावर २०-२५ फेऱ्या करा, मग मॉडेलकडे या.

खालून उडालेली धूळ. डबा उलटा नको, सरळच ठेवा, पण ५-६ सेंमी उंच ठोकळ्यावर. मिश्रण: फ्लॅट अर्थ ३, फ्लॅट ब्राउन ३, नाटो ब्लॅक १, थिनर ३०. एअरब्रश डब्याच्या पातळीच्या खाली धरून वरच्या दिशेने तिरका फवारा. दाब १५ पीएसआय, अंतर ८ सेंमी. चौकट आणि बाजूचा खालचा पाव भाग एवढंच. धूळ खालून वर येते, त्यामुळे तळपट्टीच्या खालच्या कडेवर जास्त आणि वर जाता जाता विरते. वरून फवारलं तर हीच धूळ आडव्या पट्टीवर बसते आणि पट्टीच्या खाली स्वच्छ सावली उरते, म्हणजे सगळं उलटं. टोकाच्या भिंतींवर चाकांच्या समोर दोन उभे, धूसर पट्टे येतात, कारण चाक ओला चिखल तिथे उडवतं. तेवढ्यासाठी ३-४ सेंमीवर या आणि दाब १० वर आणा.

बोगीला वेगळा रंग. ब्रेकची पूड मातीच्या धुळीपेक्षा तांबूस आणि गडद असते: रेड ब्राउन ३, फ्लॅट ब्राउन २, नाटो ब्लॅक १, थिनर २५. भोकांतला ब्लूटॅक काढून चाकं बसवा, मग फवारा आणि मध्ये मध्ये काडीने चाक पाव-पाव फेरी फिरवा. न फिरवता मारलं तर चाक फिरल्यावर त्यावर बोगीची कोरी सावली फिरताना दिसते, आणि चालत्या मॉडेलमध्ये डोळा तिथेच जातो. काम संपताच चाकाची रुळावर चालणारी कड अल्कोहोलच्या काडीने पुसून चकचकीत करा. खऱ्या चाकाचीही तीच कड चकाकते.

आता या सगळ्यावर पुन्हा टीएस-८० चा एक पातळ हात, एक दिवस विश्रांती. पुढची पायरी ओल्या ब्रशची आहे आणि तिने खालचे थर हलता कामा नयेत.

ओघळ ओढणं

वेदरिंगमध्ये सगळ्यात जास्त सराव या एका हालचालीचा करावा. मिश्रण: डेक टॅन ३, फ्लॅट अर्थ १, थिनर ३०. डब्याची फक्त अर्धी बाजू घ्या, साधारण ८ सेंमी. १० सेंमीवरून, १२ पीएसआयवर, वरच्या कडेपासून खालपर्यंत हलकी धूळ बसवा. पृष्ठभाग ओला चमकेल इतकं कधीच नाही. आता तुमच्याजवळ जेमतेम एक मिनिट आहे.

चपटा ब्रश अर्धं एक्स-२०ए, अर्धं पाणी अशा मिश्रणात बुडवून फडक्यावर दोनदा पुसा. अंगठ्याच्या नखावर टेकवला तर ओल दिसली पाहिजे, थेंब सुटता कामा नये. छपराच्या कडेखाली ब्रश टेकवा आणि एका ओळीत सरळ खाली, तळपट्टीपर्यंत न थांबता. ब्रश जिथून गेला तिथली धूळ विरळ होते, ब्रशच्या दोन्ही कडांना केसाएवढी दाट रेघ राहते, आणि तळपट्टीच्या वर थोडी धूळ साचून थांबते. पाऊस खऱ्या डब्यावर हेच करतो. ब्रश पुसा, अर्धा सेंमी सरका, पुढची ओढ थोडी लहान, त्यापुढची पूर्ण. सगळ्या ओढी सारख्या लांबीच्या असल्या की डब्यावर कंगवा फिरवल्यासारखं दिसतं. बिजागऱ्या, कड्या, रिव्हेटच्या ओळी यांच्या खाली ओघळ मुद्दाम ठेवा आणि मधला पत्रा मोकळा सोडा. दाराच्या कडीभोवतीची धूळ मात्र कोरड्या काडीने पूर्ण काढा, तिथे माणसाचा हात रोज लागतो.

रंग सुकून गेला आणि हलेनासा झाला तर घासत बसू नका. त्यावर पुन्हा एक हलका फवारा मारा, नवा थर खालच्याला मऊ करतो, आणि मग ओढा.

मालाची पूड यानंतर. सिमेंटसाठी डेक टॅन ३, पांढरा १, नाटो ब्लॅक अर्धा थेंब, थिनर ४०. खतासाठी जवळजवळ पांढराच, त्यात बफचा एक थेंब. दाराच्या उंबऱ्याशी, ४ सेंमीवरून, १० पीएसआयवर, दोन-तीन झटके, बस. दाराची उभी कड कागदाच्या सरळ पट्टीने झाकून फवारलं आणि पट्टी उचलली की फटीतून पूड झिरपल्यासारखी एका बाजूला स्पष्ट, दुसऱ्या बाजूला विरत जाणारी कड मिळते. दोन्ही बाजूंची सगळी दारं सारखी माखू नका. ज्या बाजूला मालधक्का होता ती बाजू जास्त.

गंज तैलरंगाने. बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर पुठ्ठ्यावर काढून अर्धा तास ठेवा, म्हणजे जादा तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि रंग मॅट होतो. ००० ब्रशने बिजागरीखाली टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, १० मिनिटांनी व्हाइट स्पिरिटमध्ये ओलसर केलेल्या स्वच्छ ब्रशने खाली ओढा. एका बाजूला असे ८-१० पुरे.

छपरावर धूळ थेट वरून, १५ सेंमीवरून. मधोमध दाट, कडांकडे विरळ, कारण उतारावरची धूळ पाऊस नेतो. तिथेही ओघळ ओढा, पण मध्यरेषेपासून दोन्ही कडांकडे.

यार्डात कर्मचारी डब्यावर खडूने आकडे लिहितात. पांढरी रंगीत पेन्सिल टोकदार करून ते सगळ्यात शेवटी, धुळीच्या वर लिहा. अक्षराची उंची २ मिमीच्या पुढे जाऊ देऊ नका, तो प्रत्यक्षात १७ सेंमीचा आकडा होतो. शेवटचा मॅट हात मारायचा असेल तर लक्षात ठेवा, मॅट व्हार्निशखाली फिकट धूळ निम्मी दिसेनाशी होते. एक तर धूळ थोडी जास्त ठेवा, नाहीतर धुळीनंतर व्हार्निश मारूच नका आणि डबा चौकटीला धरून उचला.

टँक वॅगन

कोयलीच्या रिफायनरीमुळे बडोद्याजवळ टँक वॅगन पाहायला मिळतात, आणि त्यांचं वेदरिंग बंद डब्यापेक्षा वेगळ्या तर्काने चालतं. माल वरच्या झाकणातून भरला जातो, म्हणून मुख्य डाग झाकणापासून दोन्ही बाजूंना टँकच्या पोटावरून उतरतो. मधला २-३ सेंमीचा पट्टा गडद, टोकं जवळजवळ स्वच्छ. नाटो ब्लॅक ३, फ्लॅट ब्राउन २, थिनर ३०. एअरब्रश झाकणाच्या वर उभा धरून खाली फवारा, म्हणजे रंग वरच्या गोलाईवर बसतो आणि पोटाच्या मध्यावर आपोआप विरतो. त्यावर बर्न्ट अंबर तैलरंगाचे ४-५ असमान ओघळ ओढा.

आणि इथे एकच चकाकी आणायची. ताजं सांडलेलं तेल ओलं दिसतं. सगळं सुकल्यावर झाकणाच्या कडेला आणि दोनच ओघळांवर ००० ब्रशने ग्लॉस व्हार्निश लावा. तेलाला धूळ चिकटते, म्हणून जुने ओघळ मॅट आणि थोडे पिवळट, ताजे काळे आणि चमकदार. शिडी आणि वरच्या जाळीवर बूट घासून पाय ठेवायची जागा उजळलेली असते. तिथे मऊ शिसपेन्सिल घासली की काम होतं.

बाकीचे डबे

बॉक्सएनची गंमत आतल्या बाजूला आहे. आत सगळीकडे फ्लॅट ब्राउन आणि रेड ब्राउनचे ढग फवारा, सुकल्यावर नाटो ब्लॅक १ ला थिनर १५ असा धुरकट थर तळाकडे दाट. वॅगन टिपलरवर अख्खा डबा उलटा करून कोळसा ओततात, त्यामुळे वरची कड ठोकरलेली आणि चकाकणारी असते. तिच्यावरही शिसपेन्सिल.

प्रवासी डबे धुतले जातात, म्हणून खिडक्यांची पातळी स्वच्छ आणि घाण खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यांत, दारांच्या खाली, छपरावर. बायो-टॉयलेट येण्याआधीच्या काळातला आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा करत असाल तर शौचालयाच्या नळाखालची चौकट आणि जवळची बोगी बाकीपेक्षा गडद करा. काचा आतून काढता येत नसतील तर लिक्विड मास्क लावा, आणि तो २४ तासांच्या आत सोला, नंतर तो तुकड्या-तुकड्यांनी निघतो.

विजेच्या इंजिनाच्या छपरावर पँटोग्राफच्या (वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याच्या) कार्बनपट्टीची काळपट भुकटी बसते, डिझेलसारखी दाट काजळी नव्हे. नाटो ब्लॅक १, फ्लॅट ब्राउन १, थिनर ३०, फक्त पँटोग्राफच्या आसपास. इन्सुलेटर झाकून ठेवा. मोटर आणि वीज घेणाऱ्या पट्ट्यांवर रंगाचा कणही जाऊ देऊ नका. बोगी रंगवताना इंजिन फोमच्या खाचेत उलटं ठेवून चाकांना तारेने वीज द्या आणि मंद गतीने फिरती चाकं रंगवा.

बिघाड आणि त्याचं मूळ

रंग कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पळतो: दाब जास्त, अंतर कमी किंवा ट्रिगर फार मागे. आधी दाब २ पीएसआयने कमी करा. ते पळालेले पाय लगेच पुसू नका, सुकू द्या, मग धुळीच्या पातळ थराने झाका.

कपमध्ये बुडबुडे येतात: नोझल सैल आहे किंवा त्याला चीर गेली आहे, हवा उलटी रंगात शिरते आहे. फवारा एका बाजूला जातो: सुईचं टोक वाकलं आहे. सुई टिश्यूवर फिरवत ओढली की वाकलेली जागा अडते. रंग अडखळत येतो: टोकावर सुकलेला रंग, नाहीतर मिश्रण जाड.

मॅट व्हार्निशखाली पांढरे कण दिसतात: बाटली पुरती हलवली नाही. मॅटपणा देणारी पूड तळाशी बसलेली असते, दोन मिनिटं घड्याळ लावून हलवा. टेपच्या कडेला रंगाची उभी धार दिसते: फवारा टेपच्या दिशेने मारला. नेहमी टेपकडून मोकळ्या भागाकडे मारा.

सगळ्यात मोठा बिघाड एका डब्यात दिसत नाही, गाडीत दिसतो. एका दिवसात, एकाच कपातल्या मिश्रणाने बारा डबे केले की बाराही जुळे होतात. बारा डब्यांच्या गाडीत दोन जवळजवळ नवे, सात मध्यम, तीन खूप रापलेले ठेवा, आणि प्रत्येक दोन-तीन डब्यांनंतर मिश्रणात बफ किंवा नाटो ब्लॅकचा एक थेंब घालून रंग सरकवा.

सफाई आणि जुळणी

दर रंगानंतर कप रिकामा करा, थिनरचे १० थेंब फवारून काढा, नोझलच्या तोंडावर टिश्यू हलकेच धरून उलटी हवा दोनदा सोडा, पुन्हा थिनर. दिवसाच्या शेवटी सुई मागून काढून टोकाच्या दिशेने पुसा. अख्खा एअरब्रश थिनरच्या भांड्यात बुडवून ठेवू नका, आतली रबरी वळी फुगतात आणि ट्रिगर अडकायला लागतो.

डबा जुळवताना आसांच्या भोकांत ब्लूटॅक उरला असेल तर टाचणीने पूर्ण काढा, चाक बोटाने हलकेच टिचकून पाहा, ते सहज फिरून हळूहळू थांबलं पाहिजे. कपलरची हलती बोटं रंगवलेली असतील तर ग्रॅफाइटची चिमूटभर पूड टाका आणि दहा वेळा उघडझाप करा. मग डबा गाडीच्या मधोमध लावून लेआउटवर दोन फेऱ्या फिरवा आणि पुन्हा एकदा चाकांच्या कडा पुसा, कारण पहिल्या फेरीत बोगीवरची सैल धूळ रुळांवर उतरते आणि पुढच्या सगळ्या इंजिनांची वीज तिथेच तुटते.